बॉबिनच्या डबीतला किडा

शिवणाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गिऱ्हाइकं, शेजारीपाजारी, पार जिन्यापर्यंत माणसं. मधोमध खुर्चीवर माझी वहिनी मान वर करून बसलेली. तिच्या गळ्यावर बोराएवढी गाठ होती आणि डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती.

"सुरी कशाला हवी? रोग म्हणजे किडा! आणि किडा मला बघून चळाचळा कापतो!" महाराज गरजले. लोक त्यांना महाराज म्हणत, मी मनातल्या मनात उपटबाबा. त्यांनी झोळीत हात घालून रुमाल काढला, गाठीवर दाबला, डोळे गरगरा फिरवले आणि हिसका देऊन ताटलीत काहीतरी टाकलं. बारीक, राखाडी, लालभडक माखलेलं. ते वळवळत होतं!

"आई गं!" निम्मी खोली मागे सरकली.

"निघाला! आता गाठ म्हणजे नुसतं रिकामं घर. आपोआप ओसरेल. हा किडा मात्र न बघता वाहत्या पाण्यात टाका."

वहिनी रडत रडत हसली. दादाने ऑपरेशन रद्द केलं. मी घसा कोरडा पडेपर्यंत विनवलं. दादा म्हणाला, "तुझं विज्ञान शाळेत शिकव, घरात नको."

गाठ वाढतच गेली. वहिनीचा आवाज बसला, तेव्हा एका दुपारी तिने मला मशीनपाशी बोलावलं. शिवलेल्या प्रत्येक कापडाचा तुकडा ती जपून ठेवायची, पुढेमागे ठिगळाला लागला तर. त्याच सवयीने तिने तो किडाही पाण्यात न टाकता बॉबिनच्या डबीत ठेवला होता.

"भाऊजी, हा कसला किडा हो?"

वाळलेल्या तुकड्यावर खवले होते. कात्रीने उभा चिरला, तर आत इवल्या मणक्यांची माळ. किड्याला कुठलं आलंय हाड?

"वहिनी, हे पालीचं शेपूट आहे."

"माझ्या गळ्यात पाल?"

"नाही हो, त्याच्या झोळीत. सरडा म्हटलं की आपल्याला कुंपणावरचाच आठवतो, पण पाल, सापसुरळी, घोरपड हे सगळे सरडेच. पाठीला कणा, अंगावर खवले. पाल घाबरली की शेपूट टाकून देते. ते वळवळत राहतं, खाणारा तिकडे बघत बसतो आणि पाल सटकते."

संध्याकाळी दादासमोर मी ट्यूबलाइटमागची पाल रुमालात धरली. शेपूट चिमटीत दाबलं. ते ताटलीत पडलं आणि तस्संच वळवळलं, फक्त लाल रंग नव्हता. दादा उठून डॉक्टरांचे कागद शोधू लागला.

"म्हणजे आपण सगळे शेपटाकडेच बघत राहिलो," वहिनी कुजबुजली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. गाठ श्वासनलिकेत शिरली होती. उन्हाळा संपायच्या आत वहिनी वारली. महाराज केव्हाच गाशा गुंडाळून पसार झाले होते.

डबी आता माझ्याकडे असते. वर्गात, चार माणसं जमतील तिथे, मी ती उघडून दाखवतो. पालीवर माझा राग नाही, ती बिचारी स्वतःचा जीव वाचवते. पण ऑपरेशन नको म्हणणाऱ्याची झोळी आधी उलटी करून बघा. अंगावर गाठ दिसली तर दवाखान्यात जा, त्याच दिवशी जा. वेळेवर गेली असती, तर वहिनी आज मशीनवर बसलेली असती.