दोन हिसके

चांगदेवची उमर मोठागावच्या खाडीत रेती काढण्यात गेली. होडीतून बांबू धरून बुडी मारायची, तळाशी बादली भरायची आणि दोरीला दोन हिसके द्यायचे. वर बसलेल्याने ते हाताला लागताच ओढायचं, एवढाच काय तो त्या कामाचा कायदा. थोरला राजरत्न शेवटची बुडी मारून गेला त्या दिवशी दोरी बापाच्याच हातात होती. एक भरधाव लाँच जवळून गेली, होडी वरखाली झाली, पाणी निवलं, आणि दोरी सैल ती सैलच राहिली. पोरगा सापडलाच नाही. पण इशारा आला नव्हता, आला असता तर आपण ओढलं असतं, या एका गोष्टीवर म्हातारा आजवर जेवत होता, झोपत होता. ती दोरी मात्र त्याने टाकली नाही. डोंबिवलीच्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधली.

धाकटी वैशाली तेव्हा पाळण्यात होती. आता ती माजिवड्याच्या एका ऑफिसात कामाला जायची. खाडीतून वेगाच्या बोटी सुरू झाल्या तर उथळ पाण्यात लाटा कशा उठतील, तळावर दाब किती पडेल, हे कॉम्प्युटरवर खोटं पाणी करून आधीच बघायचं, असलं काहीतरी काम. त्या रविवारी दुपारी ती घरीच लॅपटॉप उघडून बसलेली.

"दिवसभर पाणी काय बघतेस गं?" बादलीभर धुणं घेऊन गॅलरीकडे निघालेली जाईबाई म्हणाली. "नळाला आलंय ते भर की आधी."

"भरते गं आई. बाबा, आपल्या बाजूला उथळ कुठंय?"

चांगदेवने नकाशावर बोट ठेवलं. उचलल्यावर त्याच्या ध्यानात आलं, राजरत्न बुडी मारून गेला तिथेच ते पडलं होतं. वैशालीने तिथेच खूण केली.

पडद्यावर बोट सुटली. ती खुणेवरून गेली तशी खालची रेघ खोल उतरली आणि वर आली. "बघा, बोट जाताना तळावरचा दाब असा उतरतो." म्हाताऱ्याला गंमत वाटली.

"आता बोट काढून टाकते. रेघ सपाट यायला पाहिजे."

सपाटच आली. मग एकदम खाली गेली. लगेच पुन्हा एकदा. मग सपाट.

"अरे! बोटच नाहीये तर..." वैशालीने खूण पलीकडे सरकवली, तिथे काहीच नाही. मागे आणली. दोनदा खाली. जरा थांबून पुन्हा दोनदा.

"माझंच काहीतरी चुकतंय. बाबा, तुम्ही हे काय करताय?"

चांगदेवने खाली पाहिलं. त्याच्या दोन्ही मुठी एकीपुढे एक येऊन हवेतलं काहीतरी भराभरा ओढत होत्या. त्याला त्या थांबवता येईनात.

"वैशू," तो म्हणाला, "हे कधीचं गं? आत्ताचं, का तेव्हाचं?"

"तेव्हाचं म्हणजे? कधीचंच नाही, बाबा. खोटं पाणी आहे ते."

"अहो," गॅलरीतून जाईबाई ओरडली, "दोरीला हिसके कोण देतंय? धुतलेलं सगळं खाली पाडलंत की माझं!"

चांगदेव भिंत धरत गॅलरीत आला. जाईबाई कोपऱ्यात सरकून उभी होती. कपडे फरशीवर पसरले होते. दोरीवर आता काहीच नव्हतं. तरी ती मधोमध, भरलेली बादली लागावी तशी, खाली झुकलेली होती.