ढेलचे दात

ढेलच्या पायांशी रोज सकाळी गवताचे ओले गोळे पडलेले असत. लिंबाएवढे, अर्धवट चावलेले, लाळेने चिकटलेले. आमचे मोतद्दार अलारखाभाई ते झाडून काढताना म्हणत, "म्हातारीचे नखरे. आता गवतही कडू लागतंय." मी मात्र त्यातला एखादा गोळा तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राही. तिला खायचे होते आणि खाता येत नव्हते, एवढेच त्यात लिहिलेले होते.

ढेल, आमची घोडी, सत्तावीस वर्षांची. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावांनी, आमच्या मोटाबापूंनी, तिला शिंगरू असल्यापासून वाढवले होते. तिचे कान अजूनही टोकाला टोक भिडवून उभे राहत. पण त्यांच्याखालचे शरीर जणू आतल्या आत कुठेतरी निघून चालले होते. पौष लागला तेव्हा फासळ्या दुरूनही दिसू लागल्या.

तालुक्याहून आलेल्या डॉक्टरांनी तिच्या तोंडात हात घातला आणि सांगितले, "मागच्या दाढा झिजून गुळगुळीत झाल्यात. चारा दळलाच जात नाही. भरडा भिजवून, मऊ करून द्या. थोडा थोडा, दिवसातून चार वेळा."

"आंबोण?" मोटाबापू खाटेवरून उठलेच. "डॉक्टरसाहेब, दारात म्हैस नाही बांधलेली माझ्या!"

हा कंजूषपणा नव्हता. तसा असता तर मला भांडता आले असते. सूर्य उगवताना ते स्वतः हरभरा निवडत, खडा न् खडा काढत, आणि तो कोरडा, खणखणीत दाणा तोबऱ्यात भरून स्वतःच्या हाताने तिच्या तोंडाला बांधत. आम्हा काठियावाडच्या काठी लोकांच्या दारात घोडीचा मान असाच राखला जातो. मऊ, शिजवलेले अन्न दुभत्या जनावरांचे, नाहीतर दानाचे. त्या मानाच्या तोबऱ्यात तोंड घालून ढेल उपाशी उभी राही.

शेवटी त्यांनी ठरवले, "उत्तरायणाच्या सकाळी तिला वीडीत सोडू. कमरेएवढं गवत आहे. मोकळी चरेल, मोकळी जाईल."

टेकडीमागच्या त्या राखीव रानात, कमरेएवढ्या गवतात, ती भुकेने मरणार होती. हे त्यांना सांगायला मी तीन संध्याकाळी खाटेपाशी गेलो, आणि तिन्ही वेळा हुक्क्याचा निखारा सारखा करून परत आलो.

"वीसाभाई," अलारखाभाई हसून म्हणाले, "घोडीशी बोलता त्याच्या निम्मं माणसांशी बोलला असतात, तर एव्हाना लग्न झालं असतं तुमचं."

उत्तरायण, म्हणजे संक्रांत, उजाडली. गावाच्या वेशीपाशी बायकांनी ज्वारी-बाजरीची घूघरी शिजवली होती आणि गायींना दान म्हणून ती दगडी कुंडीत ओतणे चालू होते. मोटाबापूंनी ढेलची दोरी माझ्या हाती दिली. "तू ने. माझ्याच्यानं नाही व्हायचं." आणि तरीही ते अलारखाभाईंसह आमच्या मागे चालू लागले.

वीडीकडे दोन वाटा जातात. मी वेशीकडे वळलो.

"लांबची घेतलीस," मागून मोटाबापू म्हणाले.

"हो," मी म्हणालो आणि चालत राहिलो.

कुंडीतून वाफ वर येत होती. ढेल थांबली. तिच्या नाकपुड्या रुंदावल्या. मी दोरी सैल सोडली. आयुष्यात मी केलेले धाडस म्हणावे तर तेवढेच. दोन गायींच्या मधून वाट काढत तिने कुंडीत तोंड घातले. खाली एकही गोळा पडला नाही. तिच्या गळ्यातून घास उतरताना दिसत होता, एकामागून एक.

"अहो जेठसूरबापू," कुंडीशी उभ्या असलेल्या लाखूआई मोटाबापूंकडे पाहून ओरडल्या, "तुमची घोडी गायींच्या पंगतीला बसली की!"

बायका हसल्या. मागे वळून पाहण्याचे बळ माझ्यात नव्हते. मोटाबापू सावकाश पुढे आले, तिच्या पाठीवर हात ठेवून तो हलणारा गळा पाहत उभे राहिले.

"हिनं मागितलं नाही," ते म्हणाले. "कुणी दिलंही नाही. आपल्या हातानं घेतलंय तिनं. याला दान म्हणत नाहीत."

"घोडीला हात कुठले, बापू?" अलारखाभाई.

"तू गप्प बैस रे!" त्यांनी लाखूआईंच्या हातातला ओगराळा ओढून घेतला. "अजून घालतो! सगळी कढई इकडे आण!"

"नको!"

तो आवाज माझा होता, हे मला सर्वांच्या वळलेल्या माना पाहून कळले. "पोट रिकामं आहे, बापू. एकदम खाल्लं तर पोटशूळ उठेल. थोडं थोडं द्यायचं. चार वेळा."

"आणि चार वेळा रांधणार कोण?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी नुकताच दुसऱ्या गावाहून आलो होतो.

"तीनदा तू," ते म्हणाले. "पहाटेचं मी. तुझं मीठ चुकेल."

मी दोरी घराच्या दिशेने ओढली. ढेलला निघायचे नव्हते. तिने मान खाली रोवली, आणि कित्येक महिन्यांनी प्रथमच आपल्या ताकदीने मला दोन पावले कुंडीकडे फरफटत नेले.