दोन बोटं सैल

मित्रांनो, निरगुडसरच्या एका घरात शिवणयंत्राशेजारच्या खिळ्याला लटकलेली मी एक जुनी टेप आहे. माझा पिवळा रंग आता विटला आहे. मंचरच्या बाजारातून सरूबाईंनी मला आणलं, तेव्हा त्यांची अश्विनी शाळेतही जात नव्हती.

सरूबाई गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवत. कपडा थोडा सैल राहावा म्हणून माप घेताना माझ्या आत स्वतःची दोन बोटं घालत. एखादी नवरी म्हणे, "मावशी, घट्ट शिवा ना." त्या म्हणत, "शिवते की. मग पंगतीत पहिला लाडू खाल्लास की मलाच शिव्या देशील!" या घरचं माप चुकत नाही, असं लोक म्हणत. मला ते ऐकायला फार आवडे.

मग सरूबाईंचं पोट फुगू लागलं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळ्या झाल्या आहेत. गोळ्या सुरू झाल्या, मीठ बंद झालं.

"एका रिपोर्टवरून यकृत कळत नाही," डॉक्टर अश्विनीला म्हणाले. "दर महिन्याला रक्त तपासा आणि मागच्याशी ताडून बघा. घरी रोज सकाळी बेंबीवरून पोट मोजा. मोजायची रीत मात्र बदलू नका."

अश्विनी नोकरीवरून रजा घेऊन आली. शिवणाऱ्या घरातली मुलगी ती. तिनंही आपसूक दोन बोटं आत घातली. चौतीस इंच. ते तिथंच टिकलं, तसा तिच्या जिवात जीव आला.

"जा आता कामावर," सरूबाई म्हणाल्या. "मी फोनवर माप सांगत जाईन."

"नीट घेशील ना?"

"जन्मभर दुसऱ्यांची घेतली, माझं मला घेता येत न्हाई व्हय?"

ती गेली. पुढं एका सकाळी दोन बोटं आत असताना मी चौतीसवर जुळेना. मग सरूबाईंनी बोटं काढून घेतली. चौतीस.

"चौतीस," त्या फोनवर म्हणाल्या. "तू जेवलीस का?"

काही दिवसांनी तेवढ्यानंही भागेना. त्या श्वास रोखत, नखानं मला दाबून ओढत. त्यांच्या नवऱ्यानं, सयाजीरावांनी, ते पाहिलं. "अगं, वळ उठलाय. लई आवळतीस."

"गप ऱ्हावा. पोरगी नोकरी टाकून येईल."

रक्त तपासायची वेळ आली. "माप तेच हाय, मग सुई कशाला?" सरूबाई फोनवर म्हणाल्या. अश्विनीला ते पटलं. तिला ते पटवून घ्यायचंच होतं. पुढच्या महिन्यातही तसंच झालं.

सरूबाईंनी माझ्याच मापानं आपल्या ब्लाऊजच्या बाह्या पुन्हा पुन्हा आत घेतल्या. पोट वाढत होतं आणि दंड वाळत होते. ते माप कुणी विचारलं नाही.

डोळे पिवळे झाले, बोलणं भरकटू लागलं, तेव्हा सयाजीरावांनी अश्विनीला बोलावलं. तिनं दोन बोटं आत घालून मला गुंडाळलं. मी चाळीसच्याही पुढं गेले.

"आई, हे कधीपासून?"

"तू जेवलीस का?" सरूबाई म्हणाल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवला. "मधले कुठं आहेत?" वेळेवर कळलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. अश्विनीनं विचारलं नाही.

सरूबाई परत आल्या नाहीत. यंत्रावर कापड टाकलं गेलं. सयाजीराव म्हणाले, "ही जुनी टेप टाकू का?" अश्विनी म्हणाली, "राहू द्या, आबा." त्यानंतर तिनं मला हात लावलेला नाही.

मित्रांनो, मी कधी खोटं बोलले नाही. पण आवळणाऱ्या हाताला अडवणं मला जमत नाही. तुमच्या घरात कुणी आजारी असेल, तर फोनवरच्या आकड्यावर विसंबू नका. जवळ बसा, स्वतः मोजा. सुई चुकवू देऊ नका. आणि दंडही बघा.

माझ्या चौतीसवर सरूबाईंच्या नखाची खूण आहे. तिथला आकडा आता वाचता येत नाही. त्याच्या पुढचे सगळे अजून स्पष्ट आहेत.