डब्यातली माय

कवडूचा बाप गेला, पण मागे एक फोटो राहिला नाही. त्याचं नाक कसं होतं, हेही आता कवडूला आठवेना, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटे. मायचं तरी असं होऊ द्यायचं नाही! पण तिचे, तानाबाईचे, गुडघे धरलेले, पुलगावच्या फोटोवाल्याकडे ती जाणार कशी? म्हणून गिरणीतून सुटला की हा गडी घरीच फोटो काढायचा म्हणून बिस्किटाचा डबा घेऊन बसे.

डबा आतून काजळीनं काळा केला. पुढं चहाच्या पेटीतला चांदीचा कागद, त्याला सुईनं पाडलेलं भोक, भोकावर काळी पट्टी. फोटोवाल्या बंडूजींनी उरलासुरला फिल्मचा तुकडा हसत दिला. "डब्यानं फोटो निघाले असते, तर माहं दुकान कायले चाललं असतं?"

कवडूनं खोली बंद करून, गोधडीखाली घामाघूम होत त्या फिल्मचे दोन भाग केले आणि एक डब्यात बसवला. पहिला वायाच गेला. मायला निंबाखाली बसवून त्यानं पट्टी काढली, पट्टी परत लावेपर्यंत हलू नको म्हणून बजावलं. पण पोरगं राबून आलेलं, ते उभं आणि आपण बसायचं? "उभा काऊन हायस बाप्पा? बस ना!" म्हणत ती पाण्याचा गडवा आणायला उठलीच. फिल्मवर निघालं नुसतं धुकं.

कवडू रडकुंडीला आला. मायवर चिडायचं तरी कसं?

वस्तीनं आदल्याच वर्षी धम्म घेतला होता. रविवारी सकाळी निंबाखाली सगळे वंदनेला बसले आणि कवडूनं कपाळावर हात मारला. घडीभर चैन नसणारी माय वंदनेत नाकावर माशी बसली तरी हलत नव्हती!

पुढच्या रविवारी त्यानं फिल्मचा उरलेला तुकडा घालून बुद्धाच्या तसबिरीशेजारी डबा मांडला, पट्टी काढली आणि सरळ मायजवळ जाऊन बसला. "मी बसलो, माय. आता तू उठजो नोको." पंचशील संपल्यावर उठून भोक झाकलं.

फिल्म पुलगावला धुवायला दिली. कवडू फोटो घ्यायला गेला, तर बंडूजी छापलेला फोटो घेऊन दुकानाबाहेर धावत आले. "तू तर फोटोत हायस! मंग काढला कोणं?"

"म्याच!" कवडूची छाती फुगली.

कडेची पोरं पुसट होती, पण मायची सुरकुती न् सुरकुती आली होती. कवडूनं फोटो तिच्या हाती दिला. तिनं स्वतःकडे पाहिलंही नाही. शेजारी बसलेल्या कवडूच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"हे नाक पाह्य," ती म्हणाली. "तुह्या बापाचं हाय."