गाठीच्या अलीकडं, गाठीच्या पलीकडं

"...तात्याच्या घरी गाठ पक्की झाली म्हणे! आता वैशाखाच्या आत उरकून टाकायचं म्हणतेत, नायतर मग..."

नायतर मग काय, ते कुणालाच कळलं नाही. कारण तेवढ्यात नळाला पाणी आलं. आमच्या बोळात चौथ्या दिवशी पाणी येतं, तेही पाऊण तास. पाणी आलं की इथं माणूस हातातला घास टाकून उठतं, तिथं बातमीचं काय घेऊन बसलात! सांगणारी चंपाबाई हंडा घेऊन पळाली, तिच्यामागं द्वारकाबाई पळाली, आणि ती अर्धी बातमी बोळात तशीच लोंबकळत राहिली. माझ्यासारखी.

मी दोरी. मुकुंदवाडीच्या या बोळात दोन घरांच्या मधी ताणलेली, कपडे वाळत घालायची दोरी. माझं एक टोक भागूबाईच्या दाराशेजारच्या खुंटीला, दुसरं समोरच्या द्वारकाबाईच्या खिडकीच्या गजाला. उगं चऱ्हाट लावू नको म्हणाल. पण दोरीनं चऱ्हाट नाही लावायचं तर कुणी लावायचं?

गाठ म्हटल्याबरोबर मी आणखीच ताणले गेले. मला वाटलं, बोलणं माझ्यावरच चाललंय. कारण या बोळात नाव घ्यावं अशी गाठ एकच, माझ्या पोटावरची. ती कशी पडली ते आधी सांगते.

लासूर स्टेशनच्या पलीकडं एका गावात दोऱ्या वळणाऱ्या कडुबानं मला वळलं. घायपाताची पानं भिजत घातली, कुटली, त्यांचा धागा, म्हणजे वाख, काढला आणि तीन पेड घालून मला पीळ भरला. भागूबाईच्या हातात देताना म्हणाला, "वैनी, ही झिजंल, पर पीळ सोडायची नाय."

माझं पहिलं काम विहिरीवरचं. सकाळ झाली की भागूबाई मला पोहरा बांधायची आणि "आई देवी" म्हणून आत सोडायची. तिच्या तळहातावर माझे वळ आणि माझ्या अंगात तिचा घाम, असं आमचं चाललं होतं. मग पावसानं दगा द्यायला सुरुवात केली. पाणी खाली गेलं. मी पुरेना. तेव्हा तिच्या नवऱ्यानं, तात्यासाहेबानं, मला दुसरी दोरी जोडली. बैल बांधायची गाठ मारली त्यानं. ती ओढाल तेवढी आवळत जाते. दुष्काळानं मला लांब केलं ते असं.

पुढच्या उन्हाळ्यात पोहऱ्यात चिखल आला. त्यानंतर चिखलही येईना. पोरगा शिवराज शेंद्र्याच्या कंपनीत लागला होता, त्यानं आईबापाला शहरात आणलं. मी अंथरुणाच्या वळकटीला बांधलेली आले. नवी नायलॉनची दोरी आणतो म्हणाला पोरगा. भागूबाई म्हणाली, "विहीर तर गेली. ही तरी डोळ्यासमोर राहू दे."

बोळ रुंद, पण मी पुरले. दुष्काळाची लांबी इथं कामाला आली.

समोरची द्वारकाबाई म्हणजे सगळ्या बोळाचा कान. "मला काय करायचंय बाई" असं म्हणून ती सुरुवात करते आणि मग तासभर विचारत राहते. गज तिचा असल्यामुळं दोरीवर तिचाही हक्क होता. पहिल्या महिन्यात दोघींची चादरीवरून चांगलीच जुंपली. शेवटी ठरलं, गाठीच्या अलीकडं भागूबाईचं, पलीकडं द्वारकाबाईचं. तेव्हापासून माझी गाठ म्हणजे शिवेचा दगड. कुणाचा हातरुमालसुद्धा पलीकडं गेला नाही.

तर ती गाठ उरकायची म्हणजे सोडायची, आणि सोडायची म्हणजे पुन्हा भांडणं, असा माझा समज. द्वारकाबाईचा समज वेगळा. शिवराजसाठी दोन वर्षं पोरी पाहणं चालू होतं. गाठ पक्की, वैशाखाच्या आत उरकायचं, म्हणजे दुसरं काय असणार! संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू डब्यात घेऊन ती माझ्याखालून लगबगीनं गेली.

"मला काय करायचंय बाई, पर वैनी, एवढी मोठी गोष्ट अन् समोरच्या घराला पत्ता नाय? घ्या, तोंड गोड करा."

भागूबाई दारात गहू निवडत होती. तिनं लाडू घेतला. सगळा खाल्ला. पदरावर पडलेले तीळ वेचून तेही खाल्ले.

"कुठली केली पोरगी? शेंद्र्याची का चितेगावची?"

"पोरगी नाय गं द्वारके," भागूबाई म्हणाली. "गाठ पक्की झाली ते खरं. पर शिवराजची नाय, माझी." आणि तिनं पदरावरून डाव्या छातीकडं बोट दाखवलं. "तुकडा तपासायला धाडला व्हता. कॅन्सर म्हणतेत. वैशाखाच्या आत सगळं उरकंल म्हणतोय शिवराज."

द्वारकाबाईनं डब्याचं झाकण उलटं लावलं, पुन्हा काढलं. डबा तिथंच विसरून ती घरी गेली.

ऑपरेशन झालं. माणसं आजार लपवतात, पण दोरीपासून काय लपतं? घरातलं सगळं सुखदुःख धुऊन माझ्याच अंगावर येतं. दवाखान्यातून आल्यावर आठच दिवसांनी भागूबाईची चोळी वाळत पडली. डावीकडं आतून कापडाची घडी टाचलेली. रिकामी जागा दिसू नये म्हणून. बोळातून येणाऱ्याजाणाऱ्याच्या बरोबर नजरेसमोर ती चोळी लोंबत होती. द्वारकाबाईनं खिडकीतून पाहिलं. मी म्हटलं, झालं, आता दुपारपर्यंत ही बातमी पार स्टेशनावर जाते. ती बाहेर आली, आपलं ओलं पातळ घेऊन गाठीच्या अलीकडं आली आणि त्या चोळीवरून पांघरल्यासारखं घातलं. कुणाला काही बोलली नाही. तेव्हापासून भागूबाईची चोळी कधी उघडी वाळली नाही.

मग केमोच्या सुया सुरू झाल्या. दर तीन आठवड्यांनी एक, अशा सहा. पहिल्या सुईच्या दिवशी भागूबाई निघताना खुंटीपाशी थांबली. गुंडाळून उरलेलं माझं हातभर शेपूट तिथं लोंबत असतं. ते हातात धरून म्हणाली, "आई, सहा सुया हायेत. एक झाली की एक गाठ मारीन. सहा झाल्या की तुझ्या पायरीवर येऊन माझ्या हातानं सोडीन." लासूरच्या देवीला तिनं यापेक्षा जास्त काही मागितलं नाही. संध्याकाळी रिक्षातून उतरली आणि भिंतीला धरत धरत आधी माझ्याकडं आली. पहिली गाठ.

दुसऱ्या सुईनंतर न्हायच्या दिवशीचा, केस पुसायचा पंचा वाळत पडायचा बंद झाला. डोक्यावर पदर असल्यामुळं बोळाला कळलं नाही. मला कळलं.

सुई दिली की चार दिवस उलट्या. चादरी, लुगडी, उशीचे अभ्रे. आणि नळ तर चौथ्या दिवशी! पलीकडं चार मजली इमारत उठत होती, तिच्या भिंतींना पाणी मारायला टँकर रोज यायचा. इमारत जशी वर गेली तसं माझ्या अंगावरचं ऊनही दुपारनंतर गेलं. पाणीही त्यांचं, ऊनही त्यांचं. कपडे अर्धे ओले राहायला लागले आणि त्या वजनानं मी खाली आले.

बिननळाच्या दिवशी भागूबाईच्या दाराशी एक भरलेली कळशी दिसायची. द्वारकाबाई म्हणायची, "मला काय करायचंय, उरलं व्हतं म्हणून ठेवलं." त्या उन्हाळ्यात पाणी उरलं म्हणणारी सबंध शहरात ती एकटीच असेल. शिवेचं म्हणाल, तर चादरी कधी गाठीच्या पलीकडं पसरल्या ते कुणी पाहिलंसुद्धा नाही. द्वारकाबाई आपले कपडे कठड्यावर वाळवायला लागली.

शिवराज रात्रपाळी मागून घ्यायचा आणि सकाळी न झोपता आईला दवाखान्यात न्यायचा. मग घरातलं धुणं कुणी धुवायचं? तात्यानं. ज्या माणसानं आयुष्यात स्वतःचं धोतर पिळलं नव्हतं तो बायकोची लुगडी धुवायला लागला. आधी उजाडताना, कुणी उठायच्या आत वाळत घालायचा. एकदा चंपाबाईनं पाहिलंच.

"काय तात्या, घरगडी झालात का काय तुमी?"

"घर तेच हाय," तात्या म्हणाला, "गडी बदलला." आणि त्या दिवसापासून भर सकाळी घालायला लागला. पण घालायचा कसं! न झटकता, बोळ्यासारखं. काठ पार जमिनीवर लोळायचा. मी कितीदा मनातल्या मनात अंग आखडून घेतलं.

तीन गाठी झाल्या. चौथ्या सुईला भागूबाई रिक्षातून उतरली ती थेट आत गेली. माझ्याकडं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी आतून तिचा आवाज आला.

"पुरे आता. मला गावी न्या. जे व्हईल ते देवीच्या दारात व्हईल."

"दोनच राह्यल्या गं," तात्या म्हणाला.

"तुमाला दोन. मला बोटांना मुंग्या येतेत, पाण्याला चव नाय, जीभ सोलली. विहिरीचा बी तळ लागतो, अवं. मी काय देवी हाय का?"

शिवराज दारात उभा होता. पायातले कंपनीचे बूट त्यानं काढलेसुद्धा नव्हते. म्हणाला, "आई म्हणंल तसं." आणि तोंड फिरवून बाहेर आला, माझ्याखाली येऊन उभा राहिला. बराच वेळ त्यानं मला घट्ट धरून ठेवलं होतं.

तात्या बादली उचलून बाहेर आला आणि लुगडं वाळत घालायला लागला. नेहमीसारखंच. अर्धं माझ्यावर, अर्धं धुळीत. दारात येऊन बसलेल्या भागूबाईला ते दिसलं. दोन मिनिटं तिनं सोसलं. तिसऱ्या मिनिटाला भिंतीला धरून उठली.

"अवं, काय करता काय! काठ धुळीत गेला की! आधी दुमडा. झटका. आता काठाला धरून टाका. असं नाय, असं. मी गेल्यावर सगळा बोळ हसंल तुमाला."

"मग शिकव की," तात्या म्हणाला.

"किती दिवस शिकवू?"

"मी जड डोक्याचा. दीड महिना तर लागंल."

दीड महिना म्हणजे दोन सुया. हे तिलाही कळलं. खिडकीत द्वारकाबाई गजाला धरून उभी होती, तिलाही कळलं. भागूबाईनं लुगड्याचा काठ धुळीतून उचलून झटकला.

"लबाड हायेत तुमी," ती म्हणाली.

मग माझं शेपूट हातात घेतलं. चौथी गाठ मारायला गेली, पण बोटं ऐकेनात. दोरी निसटायची. दोनदा निसटली. तात्यानं ती हळूच तिच्या हातातून घेतली आणि चौथी गाठ त्यानं मारली. त्याला एकच गाठ येते.

पाचवी सुई वैशाखात झाली, सहावी ज्येष्ठात. दोन्ही गाठी भागूबाईनंच मारल्या, ढिल्याढाल्या, दात लावून. वैशाखाच्या आत काही उरकलं नाही. ज्येष्ठ संपता संपता शिवराजनं विळीनं माझं शेपूट कापलं. दुखलं नाही म्हणणार नाही. सहा गाठींचा तो तुकडा पदरात गुंडाळून भागूबाई, तात्या आणि शिवराज सकाळच्या पॅसेंजरनं लासूरला गेले.

ती माणसं परत यायच्या आधीच बातमी आली. नळावर चंपाबाई सांगत होती, "भागूबाईच्या समद्या गाठी सुटल्या म्हणे! देवीच्या पायरीवर, एकामागं एक! आता काय बी राह्यलं नाय म्हणे..."

सांज व्हायच्या आत भागूबाई आली. थकलेली, पाय सुजलेले. द्वारकाबाई वाटेतच उभी.

"मला काय करायचंय बाई, पर वैनी, सुटल्या का सगळ्या?"

भागूबाईनं पदर सोडून तुकडा दाखवला. पाच जागी नुसत्या वळ्या, आणि मधी एक गाठ, दगडासारखी.

"माझ्या पाच सुटल्या. ही यांची. देवीपुढं बसून तिघांनी वढली, सुटंना."

"मी म्हणलं कापू," तात्या म्हणाला, "तर वरडली माझ्यावर."

"सुटायची नाय तर राहू द्या," भागूबाई म्हणाली. "डाक्टर म्हणाला, सध्या काय दिसत नाय, तीन महिन्यानं पुना दाखवा. मग तीन महिन्यानं. तवर धरून ठेवायला कायतरी पायजे का नको?"

तो तुकडा तिनं माझ्याच खुंटीला अडकवला. चंपाबाईची बातमी पुन्हा अर्धीच निघाली. आणि शिवराजची गाठ तर अजून जमायचीच आहे.

आता मी थकले आहे. वाख सुटायला लागलाय, मधी झोळ आलाय. उद्या नायलॉनची दोरी येईल, येऊ दे. तोवर एवढंच सांगणं, कपडे घालाल ते पिळून घाला. ओल्याचं वजन आता पेलवत नाही. आणि पोटावरच्या गाठीला हात लावू नका. तिच्या अलीकडं कोण आणि पलीकडं कोण हे आता कुणी पाहत नाही, पण मला जोडून तिनंच ठेवलंय.

आज सकाळी तात्यानं लुगडं वाळत घातलं. दुमडून, झटकून, काठाला धरून. दारातून भागूबाईनं पाहिलं आणि म्हणाली, "अजून जमत नाय तुमाला." चांगलं जमलं होतं. द्वारकाबाईनं खिडकीतून ऐकलं. मग तिनं गजाचं माझं टोक सोडलं, एक वेढा जास्त घेतला आणि झोळ काढून पुन्हा घट्ट बांधलं.

"मला काय करायचंय बाई," ती म्हणाली, "पर वैनी, तीन महिने कधी भरतेत?"