डोणीला पाडलेलं भोक

देवश्री आणि मी धाराशिवला एकाच वकिलाकडं टायपिंग करतो. नऊ शिल्पकारांचं आधुनिक शिल्पांचं प्रदर्शन गावात आलंय म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिनं मला ओढत नेलं. तारा वळवून केलेला बैल होता, सायकलच्या चेनीची बाई होती. अर्धं कळत नव्हतं, तरी आवडत होतं.

मग मधोमध, पांढऱ्या चौथऱ्यावर, आमची डोणी दिसली.

मेंढरांना पाणी पाजायची काळ्या दगडाची डोणी. बेंबळीला, आमच्या गावी, विहिरीपाशी ती तीन पिढ्या होती. आज्यानं तिच्या अंगावर छिन्नीनं एक मेंढरू कोरलं होतं, शिंगं काढायची राहून गेलेली. तेच ते बिनशिंगाचं मेंढरू. दोन वर्षांमागं माझे वडील, अण्णा, आईला आणि कळपाला घेऊन लांब चारणीला गेले, परत आले तर डोणी गायब. रस्त्याच्या कामात जेसीबीनं फोडली असंल, असं म्हणून आम्ही गप्प बसलो होतो.

आता तिच्या बुडातून एक लोखंडी गज वर आला होता. खाली पाटी होती: 'तहान. शिल्पकार : उत्कर्ष.'

उत्कर्ष तिथंच उभा होता, पाहुण्यांना समजावून सांगत.

"ही तुम्ही केली?" मी विचारलं.

"सापडलेली वस्तू आहे ती. बेंबळीजवळ पडून होती, गवत वाढलेलं. मी तिला नवा अर्थ दिला."

"पडून नव्हती. ठेवलेली होती. आमची आहे."

तो हसला. मी बाहेर येऊन अण्णांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "आलो."

चारच्या सुमाराला अण्णा एस.टी.नं आले. सरळ चौथऱ्यापाशी गेले आणि मेंढरावरनं हात फिरवला. एक संयोजक धावत आला. "अहो, हात लावू नका!"

"माझ्या डोणीला म्या हात लावू न्हाय?"

अण्णा वाकले. गज जिथून वर आला होता तिथं बोटानं चाचपत राहिले. मग उत्कर्षकडं बघून म्हणाले, "आरपार भोक पाडलंय?"

"गज उभा करायला ते लागतंच, बाबा. हे शिल्प पाण्याबद्दलच आहे. कोरडी पडलेली डोणी, म्हणजे आपली सगळ्यांची..."

"कोरडी तुमी केली की. मेंढरं आमची पितच व्हती."

उत्कर्ष म्हणाला, पाटीवर आमचे आभार मानतो. माझं डोकं फिरलं. "आभार कसले? उचलण्याआधी विचारलं का नाही? शंभर पावलांवर आमचं घर आहे."

"घराला कुलूप होतं," तो बोलून गेला.

म्हणजे यानं घर पाहिलं होतं, दारापर्यंत गेला होता, आणि कुलूप बघून डोणी गाडीत घातली होती. इतका वेळ "जाऊ दे गं, लोक बघतायत" म्हणून माझा दंड धरणारी देवश्री पुढं झाली आणि तिनं चौथऱ्यावरची पाटी टर्रकन ओढून काढली.

संयोजक म्हणाले, प्रदर्शन संपू द्या, रविवारी बघू. मी म्हणाले, "तक्रारी टाइप करणं हेच माझं काम आहे. पोलिसात द्यायची आत्ता पाच मिनिटांत होईल."

दिवस मावळायच्या आत चार जणांनी डोणी टेम्पोत चढवली. टेम्पोत बसताना अण्णांनी उत्कर्षला सांगितलं, "गज काढायचा अन् भोक बुजवायचं. तुमीच. बेंबळीला येऊन."

मला वाटलं, येतोय कसला. पण पुढच्या रविवारी तो आला. गज कापून काढला, सिमेंट भरलं. तीन दिवसांनी पाणी भरलं तर सगळं गळून गेलं. अण्णांनी मला फोन करायला लावला. दुसऱ्या खेपेला त्यानं तसल्याच काळ्या दगडाची खुंटी घडवून आणली, अर्धा दिवस उन्हात बसून ठोकून बसवली. या वेळी पाणी टिकलं. आईनं त्याला चहा दिला, अण्णा मात्र त्याच्याशी शब्दानं बोलले नाहीत. मीही नाही. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मेंढरं पाण्यावर आली तसा उत्कर्षनं मोबाइल काढला. "एक फोटो घेऊ का, बाबा?"

"न्हाय," अण्णा म्हणाले.