अकरा मिनिटांचं पाणी

नमुन्याच्या बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड असावी लागते. मोहरीच्या चार दाण्यांएवढी. सोमवारी रॅकमधली एक बाटली मी खिडकीकडे धरली, तर तळाशी पूड नव्हती. नुसती काच होती आणि काचेतून दिसणारा माझा अंगठा. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. आठही बाटल्यांचे तळ लख्ख होते.

“नव्या बाटल्या अशाच येतात, ताई,” प्रयोगशाळेचं काचसामान धुणाऱ्या मावशी म्हणाल्या. “बुडाला कसलीशी पांढरी घाण. मी एकेक गरम पाण्याने खळखळून घेते, कुकरला लावते, मगच तुमच्या रॅकमध्ये. दोन महिने झाले, एक तरी तक्रार आली?”

तक्रार आली नव्हती, आणि मी तळ पाहिले नव्हते.

ती पूड पाण्यातलं क्लोरीन तिथल्या तिथे थांबवते. नमुना घेतला त्या क्षणी जेवढे जंतू होते, तेवढेच तपासणीत दिसावेत म्हणून. पूड नसली की क्लोरीन बाटलीतही काम करत राहतं. जंतू मारायला क्लोरीनला अर्धा तास हवा. आमच्या टाकीत पाणी अकरा मिनिटं थांबतं आणि जांभळ्या पाइपातून भिंतीपलीकडच्या बागेत फवाऱ्यांना जातं. बाटलीची माझ्या टेबलावर पाळी यायला मात्र तास-दीड तास लागतो. तेवढ्यात बाटलीतले जंतू मरायचे. बागेतले मरत नव्हते.

हे केंद्र माझ्या थोरल्या भावाचं, म्हणजे तो इथला प्रमुख. सहाशे घरांचं सांडपाणी साफ करून बागांना आणि संडासांना पुरवायचं, ही योजना त्याचीच. सरकारी कर्ज मिळावं म्हणून त्याने सहाशे दारं ठोठावून सह्या गोळा केल्या होत्या. पाणी पुरता अर्धा तास थांबवणारी दुसरी टाकी कर्जाच्या तिसऱ्या हप्त्यातून बसायची होती, आणि सलग आठ आठवडे पाणी शुद्ध निघालं तरच हप्ता मिळणार होता. थोडक्यात, टाकी बसली की पाणी शुद्ध होणार आणि पाणी शुद्ध असलं की टाकी बसणार. पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरू नकोस म्हणतात, त्यातला प्रकार.

मी सोमवारीच पूड घालून नवा नमुना लावला. मंगळवारी बशीत जंतूंचे इतके ठिपके उगवले की मोजता येईनात. बुधवारी दादाला सांगायला बाहेर गेले, तर तो हातात ब्रश घेऊन फाटकाला रंगाचा दुसरा हात देत होता. “उद्या कर्जखात्याचे साहेब येतायत, छोटे,” तो म्हणाला. “तुझे आठ कागद त्यांच्या हातात पडले की गंगेत घोडं न्हालं.” मी म्हटलं, खालचा कोपरा राहिलाय. बागेचा व्हॉल्व्ह बंद करायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती. पण फवारे बंद दिसले असते तर कोणीतरी कारण विचारलं असतं. मी तो चालूच ठेवला. साहेबांना सांगू, असं ठरवलं. चहा झाल्यावर सांगू.

गुरुवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी साहेब प्रयोगशाळेत बसून पाचवा अहवाल वाचत होते, तेव्हा एक टँकर उलटा येऊन फाटकावर आदळला. एक झडप बिजागरीसकट उखडून आत पडली. रंग अजून पुरता वाळला नव्हता. टँकरच्या मागच्या पट्टीवर हिरवा ओरखडा उठलेला मला खिडकीतून दिसला.

पाच जण सळया घेऊन उतरले. टँकरवाल्या शेठची माणसं. आमचं पाणी सुरू झाल्यापासून बागांच्या आणि इमारतींच्या त्यांच्या खेपा बंद झाल्या होत्या. पहिली सळई रखवालदाराच्या हातावर बसली. मनगट आणि कोपर यांच्या मधोमध हात वाकला. खडू मोडावा तसा कोरडा आवाज आला. रखवालदार खाली बसून त्या वाकड्या हाताकडे बघत राहिला.

“घाण पाणी पाजता काय लोकांना!” एक जण ओरडला आणि त्याने पंपाचं मीटर फोडलं. दुसरा जांभळ्या पाइपावर घाव घालत होता. पाइप फुटला तसं पाणी कमरेएवढं उसळलं.

दादा धावत आला. त्याच्या तोंडावर सळईचं टोक बसलं. तो गुडघ्यांवर आला, थुंकला, आणि पाण्यात दोन दात पडले. मग त्याने भिंतीला टेकवलेला मोठा पाइप-पाना उचलला. मी बाहेर पोचेपर्यंत त्याने एकाच्या खांद्याचं हाड मोडलं होतं आणि दुसऱ्याच्या कानशिलातून रक्त मानेवर आलं होतं. माझा भाऊ झुरळ मारायलासुद्धा वहिनीला हाक मारतो.

सळईवाले पळाले. आलेल्यांचा जोर तेवढाच होता. मागे राहिला टँकरचा चालक. तो केबिनमधून आत्ता उतरत होता, रिकाम्या हाताने.

“साहेब, मी मारामारीला नाही आलो,” तो दादाला म्हणाला. “यांना आणलं, चूक झाली. माझी पोरगी दवाखान्यात आहे. सात वर्षांची. रोज या बागेत फवाऱ्याखाली नाचते. चार दिवस झाले, पोटात पाणी ठरत नाही.”

“शेठने पढवलंय ना हे?” दादाचे शब्द रक्तामुळे बोबडे झाले होते.

“पढवायला मी काय पोपट आहे?”

पाना त्याच्या गुडघ्यावर बसला. चालक आडवा झाला. दादा त्याच्या छातीवर पाय देऊन उभा राहिला.

“पाणी शुद्ध आहे म्हण.”

“नाही म्हणणार.”

दुसरा घाव बरगड्यांवर बसला. चालकाच्या तोंडातून हवा निघाली, नुसती हवा.

“माझ्या बहिणीने तपासलंय! आठ आठवडे! तिच्या सहीचे कागद आहेत आत! शुद्ध आहे म्हण!”

“दादा, पुरे,” मी म्हटलं.

“आत जा, छोटे.”

साहेब प्रयोगशाळेच्या दारात उभे होते. हातात माझे आठ अहवाल, त्यांच्यावर काढून ठेवलेला चष्मा. मावशींनी रखवालदाराचा हात पदरात धरला होता. चालक कुशीवर वळायला बघत होता. त्याने पडलेल्या फाटकाची कड पकडली, ती बोटांतून निसटली. फुटलेल्या पाइपाचं पाणी त्याच्या गालाखाली साठत होतं आणि त्याच्या ओठांपर्यंत पोचलं होतं.

“आता हेच पी,” दादा म्हणाला. “पी आणि सांग, शुद्ध आहे की नाही. माझी बहीण खोटं लिहिते का? बोल!”

“पोरगीला विचारा,” चालक म्हणाला.

दादाने पाना दोन्ही हातांत धरून डोक्याच्या वर नेला. आतापर्यंत त्याने एका हाताने मारलं होतं. खाली चालकाचं डोकं होतं. मी उभी होते त्या पायरीपासून तिथपर्यंत चार पावलं. मी चारही चालले आणि दादाचं मनगट धरलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर त्याचा इतका विश्वास होता की मी त्याला अडवतेय हेसुद्धा त्याच्या लक्षात आलं नव्हतं. मी मदतीला आलेय असंच त्याला वाटलं.

“सांग याला,” तो म्हणाला. “सांग, छोटे. साहेबांसमोर सांग.”

“तो खरं बोलतोय, दादा,” मी म्हटलं, दारापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “माझे आठही अहवाल चुकीचे आहेत. हे मला सोमवारपासून माहीत आहे. साहेब, हप्ता थांबवा. पाणी शुद्ध नाही.”